विद्यापीठाशी संबंध नसलेल्या वाचकाने ऑनलाइन संशोधन-साहित्य कसे मिळवावे?

शाहूपुरीकर

नमस्कार. मी कोल्हापुरातील दोन सार्वजनिक ग्रंथालयांचा वर्गणीदार आहे, परंतु कोणत्याही महाविद्यालयाशी किंवा विद्यापीठाशी माझा सध्या संबंध नाही. एका दिवाळी अंकासाठी शाहूपुरीच्या गूळ बाजारपेठेवर दीर्घ लेख देण्याचे मी मान्य केले आहे आणि मजकूर गणेशोत्सवापूर्वी संपादकांच्या हाती पडायला हवा. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये ही पेठ वसवली, एवढे वाक्य जिथे पाहावे तिथे सापडते. त्यापुढे अडतीचा व्यवहार कसा चालत असे, गुऱ्हाळांचे तंत्र कसे बदलले, आवक केव्हा वाढली आणि केव्हा घटली, याविषयी शोधू लागलो की इंग्रजी नियतकालिकांतील लेखांचा केवळ सारांश दिसतो आणि पुढे पैसे भरा किंवा संस्थेमार्फत लॉगिन करा, असा निरोप येतो.

ग्रंथालयात विचारले असता, तिथला संगणक पुस्तकांच्या नोंदींपुरताच आहे आणि अशी कोणतीही ऑनलाइन वर्गणी भरलेली नाही, असे कळले. माझे प्रश्न तीन आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदाला अशा डेटाबेसचा लाभ कोणत्याही मार्गाने मिळू शकतो का? वर्गणीशिवाय वाचता येईल असे विश्वसनीय साहित्य नेमके कुठे आहे? आणि प्राध्यापक असलेले माझे एक नातेवाईक स्वतःचा पासवर्ड देण्यास तयार आहेत, तो वापरणे कितपत योग्य ठरेल?

निवृत्त ग्रंथपाल

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपल्यापेक्षा इतरांचे नुकसान अधिक आहे. पासवर्ड घेऊ नये. प्रकाशकांच्या यंत्रणा प्रत्येक खात्यावरील वापरावर लक्ष ठेवून असतात. एखाद्या खात्यावरून थोड्या वेळात डझनावारी लेख उतरवले गेले, तर ते खातेच नव्हे तर कधीकधी संपूर्ण संस्थेचा प्रवेश तात्पुरता थांबवला जातो, आणि मग ऐन प्रबंधाच्या घाईत असलेले विद्यार्थी खोळंबतात. खुलासा अर्थातच आपल्या नातेवाइकांना द्यावा लागेल.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडील सार्वजनिक ग्रंथालये 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनाचे अनुदान घेतात. आपल्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. त्यामुळे अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांतून पगार, पुस्तके, नियतकालिके आणि विजेचे बिल भागवल्यावर परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीचा विचार करण्याइतकी रक्कम उरत नाही. दुसरीकडे, केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके उपलब्ध करून देण्यात आली. पण ती शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी. महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन नियतकालिकांची सोय आहे. या दोन्ही चौकटींत गावातले वाचनालय बसत नाही. करवीर नगर वाचन मंदिरासारखी 1850 पासूनची संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या वाचकाला एखादा लेख वाचण्यासाठी कुठल्या तरी महाविद्यालयाचे ओळखपत्र लागावे, हे मला आजही खटकते. परंतु आपला लेख गणेशोत्सवापूर्वी द्यायचा असल्याने ती तक्रार इथेच ठेवतो.

व्यवहार्य मार्ग असा. पैसे मागणाऱ्या लेखांची शीर्षके, वर्ष आणि नियतकालिकाचे नाव लिहून एक छोटी यादी करावी आणि ती घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करावी. बाहेरच्या अभ्यासकाला तिथेच बसून वाचण्याची परवानगी मिळेल का आणि तिचे शुल्क किती, हे लेखी अर्ज करून विचारावे. अनेक प्रकाशकांच्या करारांत ग्रंथालयाच्या आवारात येऊन वाचणाऱ्या पाहुण्या वाचकांना मुभा असते. घरबसल्या प्रवेशाची मात्र नसते. आपण त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असाल तर अर्जात तसे अवश्य नमूद करावे. ‘गुळाविषयी काहीतरी पाहायचे आहे’ असे सांगणाऱ्या माणसापेक्षा सात-आठ नेमकी शीर्षके घेऊन आलेल्या माणसाला काउंटरवरचे कर्मचारी अधिक उत्साहाने मदत करतात, हे मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

यादीतील एखादा लेख कुठेच मिळाला नाही, तर लेखकाला ई-मेल पाठवून प्रत मागावी. त्यात काहीही गैर नाही आणि बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

ऊसकरी

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु गुळाच्या बाबतीत वर्गणीच्या नियतकालिकांपासून सुरुवात करण्याचीच गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गुळावरचे भारतातील बरेचसे संशोधन कृषी विद्यापीठांत झाले आहे आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शोधून उपयोग होत नाही. ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने चालणाऱ्या ‘कृषिकोश’ या भांडारात ठेवलेले असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी कोल्हापूर भागातील गुऱ्हाळे, गुळाचा उत्पादन खर्च आणि विक्रीव्यवस्था यांवर पदव्युत्तर प्रबंध लिहीत आलेले आहेत. शिवाय याच विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे. प्रबंध उघडल्यावर निष्कर्षांपेक्षा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण आधी वाचावे. त्याआधीच्या काळात कोणी काय लिहिले, त्याची आयती यादी तिथे मिळते.

आवक आणि दर यांसाठी केंद्र शासनाचे ‘अॅगमार्कनेट’ हे संकेतस्थळ खुले आहे. तिथे राज्य, बाजार समिती आणि तारीख निवडून रोजचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलमागे पाहता येतात. मालाच्या यादीत गुळाची नोंद ‘गूर’ या नावाने आहे, त्यामुळे ‘जी’ या अक्षराखाली पाहावे. मात्र हे आकडे अलीकडच्या काळापुरतेच आहेत. ‘कोल्हापूर गुळा’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि अशा मानांकनाचा अर्ज शासनाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्यात उत्पादनाची पद्धत आणि इतिहास लेखी दिलेला असतो. अर्जदाराने स्वतःच्या मालाविषयी लिहिलेला मजकूर आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

निपाणीकर

सीमेच्या अलीकडून एक छोटी भर. कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारला जातो आणि 2020 पासून राज्याचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू आहे. साहित्य मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत असल्याने शाहूपुरीच्या लेखासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, हे मान्य; पण कोल्हापुरापासून तासाभराच्या अंतरावर हे होऊ शकते, एवढे आपल्या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत कोणीतरी बोलून दाखवावे.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नातेवाइकांना नम्रपणे नकार कळवला आहे. कृषिकोशावर उत्पादन खर्चाविषयी बरेच हाती लागले. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी यादी तयार करतो आहे. मात्र दोन ठिकाणी अडलो आहे. ‘शोधगंगा’वर देवनागरीत ‘गूळ’ असे टाइप केल्यास जवळजवळ काहीच येत नाही. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात भरपूर नोंदी येतात, परंतु त्यांतील अनेक पुन्हा त्याच पैसे मागणाऱ्या पानांवर नेऊन सोडतात. माझे शोधण्यात काही चुकते आहे का?

प्रबंधवाली

मी इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी आहे आणि या दोन्ही ठिकाणी माझे दररोजचे येणे-जाणे आहे.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले आहे आणि मुख्यतः ते शोधसूची आहे. म्हणजे शेकडो भांडारांतील नोंदी एका जागी दिसतात, पण मूळ मजकूर ज्याच्या त्याच्या घरी असतो. म्हणून शोध घेतल्यानंतर बाजूच्या गाळण्यांमध्ये (फिल्टर) खुल्या प्रवेशाचा पर्याय निवडावा. तसे केल्यावर नोंदींची संख्या एकदम घटते, आणि जे उरते ते उघडते.

‘शोधगंगा’वर मराठी प्रबंधांची शीर्षकेसुद्धा बऱ्याचदा रोमन लिपीत भरलेली असतात, आणि तीही भरणाऱ्याच्या कानाला जशी वाटली तशी. ‘करवीर’मधला ‘वी’ कोणी एका ‘आय’ने लिहितो, कोणी दोन ‘ई’ वापरून. त्यामुळे एकाच शब्दाची चार-पाच रूपे करून पाहावीत, आणि त्याहून चांगले म्हणजे शोधपेटीचा नाद सोडून विद्यापीठ, मग विभाग, असे उतरत जावे. शिवाजी विद्यापीठ, त्यात अर्थशास्त्र आणि वाणिज्य विभाग, आणि मग शीर्षकांची यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घालावी. हे कंटाळवाणे आहे, पण एका दुपारचे काम आहे. प्रबंध सापडला की तो सलग एका फाइलमध्ये मिळत नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात. आधी अनुक्रमणिकेची फाइल उघडावी आणि हवी तीच प्रकरणे उतरवावीत. जुन्या प्रबंधांची पाने छायाचित्रासारखी स्कॅन केलेली असल्यामुळे त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही. ती वाचावीच लागतात.

जुन्या छापील साधनांसाठी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ पाहावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरील 24 वा खंड 1886 चा आहे आणि तो तिथे पूर्ण वाचता येतो. इंग्रजी ग्रंथांच्या आतील मजकुरात शोध चांगला चालतो, म्हणून शेती आणि व्यापार या प्रकरणांतील गुळाचे उल्लेख पाच मिनिटांत गोळा होतील. मात्र हा खंड शाहूपुरी वसण्याच्या नऊ वर्षे आधीचा आहे. तेव्हा पेठ वसण्यापूर्वी गुळाचा व्यापार कसा होता, यासाठीच त्याचा आधार घ्यावा. त्यानंतरच्या काळासाठी 1960 चा सुधारित जिल्हा गॅझेटियर आणि जनगणना विभागाच्या डिजिटल ग्रंथालयातील कोल्हापूर जिल्ह्याच्या पुस्तिका आहेत. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोशातील गुळावरची नोंद ऑनलाइन विनामूल्य आहे. भाषाही नेटकी आहे, त्यामुळे पारिभाषिक शब्द तिथूनच घ्यावेत.

एका बाबतीत मात्र माझे मत वरील दोघांपेक्षा वेगळे आहे. अडतीचा व्यवहार, दरबाराचे हुकूम, व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती, या गोष्टी कोणत्याही डेटाबेसमध्ये नीट मिळणार नाहीत. संस्थान आणि ब्रिटिश सरकार यांच्यातील काही पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नोंदणी करून शोधता येतो, आणि तेवढा जरूर पाहावा. पण संस्थानचे स्वतःचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, त्याचा बराच भाग मोडीत आहे, आणि त्यासाठी अर्ज करून तिथे जाऊन बसण्याला पर्याय नाही. लेखाचा गाभा बाजारपेठ असेल, तर ऑनलाइन शोध आठवडाभरात आवरता घेऊन उरलेला वेळ तिथे द्यावा, असे मी सुचवेन.

ऊसकरी

पुराभिलेखागाराविषयीचा मुद्दा मान्य. एवढेच सुचवतो की, मोडी वाचणारा सोबती मिळेपर्यंत पेठेतल्या एखाद्या जुन्या अडत दुकानाच्या मालकांशी बोलून घ्यावे. दुकानातल्या जुन्या वह्या त्यांनी दाखवल्या, तर त्यातला आकडा कोणत्याही संकेतस्थळावर नसेल.

निवृत्त ग्रंथपाल

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली, उतरवून घेतलेल्या साहित्याचा वापर. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणून 1886 च्या गॅझेटियरमधील उतारे किंवा नकाशा बिनदिक्कत छापता येईल. पण एखाद्या प्रबंधातील तक्ता जसाच्या तसा दिवाळी अंकात द्यायचा असेल, तर लेखकाची परवानगी घ्यावी आणि नाव द्यावे. संकेतस्थळावरून घेतलेल्या दरांसोबत ते कोणत्या दिवशी पाहिले, ती तारीख लिहून ठेवावी, कारण शासकीय संकेतस्थळांची रचना बदलते आणि संपादकांनी नंतर विचारल्यास तेच पान पुन्हा सापडेल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट आपल्या ग्रंथालयाविषयी. नोंदींपुरत्या ठेवलेल्या त्या संगणकावर राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, कृषिकोश आणि विश्वकोश यांची पाने उघडून ठेवायला कोणतीही वर्गणी लागत नाही. लागते ती इंटरनेट जोडणी आणि दाखवून देणारा एक माणूस. आपण हे सर्व शिकून घेतलेच आहे, तेव्हा कार्यकारिणीला पत्र देऊन शनिवारी सायंकाळी तासभर तो संगणक वाचकांसाठी खुला ठेवण्याची विनंती करावी. पत्रात संकेतस्थळांची नावे, खर्च शून्य असल्याचा उल्लेख आणि पहिले काही शनिवार आपण स्वतः बसाल एवढे लिहावे. सभेपुढे विषय यायला वेळ लागतो, म्हणून पत्र आताच द्यावे आणि पोच घ्यावी.

शाहूपुरीकर

पत्राचा मसुदा केला आहे, सोमवारी देतो. पुराभिलेखागाराचा अर्जही त्याच दिवशी. मोडी वाचता येणारे कोणी या चर्चेत असतील तर कृपया इथेच कळवावे. प्रवासखर्च आणि योग्य मानधन देण्याची माझी तयारी आहे.

प्रबंधवाली

मला वाचता येते. मानधन नको, दप्तरात 1895 ते 1900 या काळातील शाहूपुरीचे जे कागद निघतील, त्यांचे क्रमांक मलाही हवे आहेत.