चोवीस तास चालणारा घरचा संगणक: जुना डेस्कटॉप ठेवावा की काढावा?

वाटाड्या:
फोटो, बॅकअप आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी जुना डेस्कटॉप कायम चालू ठेवणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. १ वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. ग्राफिक्स कार्ड असलेला जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही सहज ६० वॉट ओढतो, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटनंतर चढतो, त्यामुळे हे युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन बसतात. इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी हेच काम १० वॉटच्या आसपास करतो.

जुनंसोनं:
असहमत. चालतं यंत्र भंगारात काढायचं म्हणजे खिशाला भुर्दंड आणि वर ई-कचरा. आधी आहे त्याची झाडाझडती घ्या. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड उपटून ठेवा. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहिली तरी ४-५ वॉट खाते. चार लहान डिस्क असतील तर डेटा एका मोठीवर हलवा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या पातळ्या, बंद असतील तर चालू करा आणि लिनक्सवर पॉवरटॉप हे वीजवापर दाखवणारं साधन लावून प्रोसेसर खोल झोपेत जातो का ते पाहा. कधीकधी मदरबोर्डच्या खाचेत बसवलेलं एखादं जुनाट पीसीआय कार्डच त्याला झोपू देत नाही.

वाटाड्या:
आणि पॉवर सप्लायचं काय? सप्लायच्या कार्यक्षमतेसाठी मिळणाऱ्या साध्या ८० प्लस प्रमाणपत्राची चाचणी २० टक्के लोडपासून सुरू होते. ५०० वॉटच्या सप्लायला ते १०० वॉट झाले. तुमचं मशीन ३० वॉटवर आणलंत तरी तिथे सप्लायची कार्यक्षमता घसरलेली असते.

रातपाळी:
तुम्ही दोघंही चोवीस तास गृहीतच धरताय! बॅकअपला रात्रभर जागायची गरज काय? सस्पेंड करा म्हणजे झोपवा, हवं तेव्हा वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून, उठवा. झोपेत दोन-चार वॉट लागतात, बस.

जुनंसोनं:
बॅकअपपुरतं पटलं. पण कॅमेरे असतील तिथे हा उपाय बाद. आणि दर दहा मिनिटांनी डिस्क थांबवू नका, वारंवार बंद-चालू होण्याने ती झिजते.

वाटाड्या:
मग प्लगला वॉटमीटर लावा आणि कार्ड काढण्याआधीचा व नंतरचा आकडा इथे टाका. २५ वॉटवर आलात तरी मिनी पीसीशी १५ वॉटचा फरक उरतो. वर्षाला १३१ युनिट. तेवढे भरायची तयारी असेल तर जुना डेस्कटॉप खुशाल ठेवा.