मदत हवी आहे: ग्रीक व्हर्बल फ्लुएन्सीचे आकडे पडलेत

अथेन्सवाली: प्रकल्पासाठी निरोगी ग्रीकभाषकांची शब्द-ओघ चाचणी घेतेय, म्हणजे ठरावीक वेळात एखाद्या गटातले किंवा एका अक्षराने सुरू होणारे जमतील तेवढे शब्द सांगायचे. प्राणी धडाधड सांगतात, अक्षरावरून शब्द विचारले की गाडी अडते. शुक्रवारी गाईडला दाखवायचंय. काय चुकतंय? प्लीज लवकर.

बोरूबहाद्दर: कोणती अक्षरं? किती वेळ? माणसं कोण? इथे कुणी ज्योतिषी नाही.

अथेन्सवाली: नेहमीचीच अक्षरं. ६० सेकंद.

भुंगा: 'नेहमीची' म्हणजे इंग्रजीतली एफ-ए-एस असतील तर आधी ती सोडा. मेरी कोस्मिडिस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३०० निरोगी ग्रीकांवरून मानकं काढलीत. अक्षरं खी, सिग्मा, आल्फा. गट प्राणी, फळं, वस्तू.

अथेन्सवाली: अहो तीच वापरतेय!!

निवांत_काका: आमच्या हिलाही हल्ली नावं आठवत नाहीत. ब्राह्मी सुरू केली, बराच फरक आहे.

बोरूबहाद्दर: काका, निरोगी लोकांची चाचणी आहे. ताई, वय आणि शिक्षण अजून सांगितलं नाहीत.

अथेन्सवाली: बहुतेक सत्तरीपुढच्या आज्या, गावाकडच्या. शिक्षणाचा रकानाच नाही फॉर्ममध्ये.

भुंगा: मग झालं की! ग्रीसमध्ये नऊ वर्षांचं सक्तीचं शिक्षण १९७६ च्या कायद्याने आलं, त्याआधी सहाच. त्या आज्यांपैकी कित्येकींची शाळा प्राथमिकलाच सुटली असणार. प्राणी सांगायला शाळा लागत नाही, शेळ्या-कोंबड्या अंगणातच असतात. अक्षरावरून शब्द काढणं मात्र वाचण्या-लिहिण्याच्या सरावावर चालतं.

बोरूबहाद्दर: प्रत्येक वेळी शिक्षणावर ढकलायचं का? मोजतंय कोण ते विचारा.

अथेन्सवाली: रेकॉर्डिंग ऐकून मीच.

बोरूबहाद्दर: कानाने? मग आल्फाला आजी 'एमा' म्हणाली, म्हणजे रक्त, तर बाद केलंत ना? लिहिताना ते आल्फा-योटा असतं, दोन्ही मिळून उच्चार 'ए'. शब्द बरोबर आहे.

भुंगा: असे शब्द मिनिटाला कितीसे येणार? एवढ्याने आकडे पडत नाहीत.

बोरूबहाद्दर: खी आणि सिग्मालाही कमीच आलेत का, तेवढं सांगा. मग कळेल.

सानिका_प: अथेन्सला घरभाडं किती पडतं हो? मुलगा जानेवारीत येतोय.

अथेन्सवाली: तिन्हीला कमी आहेत. शाळेची वर्षं फोन करून विचारली तर चालेल का, की सगळ्यांची चाचणी परत? आणि भाड्याचं प्लीज दुसऱ्या धाग्यावर.

भुंगा: फोन करा. चाचणी परत नको, एकदा घेतलेली लक्षात राहते. आणि मूळ रेकॉर्डिंग एखाद्या ग्रीक मैत्रिणीला ऐकवून मोजून घ्या.