'सेन्शन्ट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार: ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-कायद्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात माणूस सोडून पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी, शिवाय ऑक्टोपस-माकूळ आणि खेकडे-शेवंड 'सेन्शन्ट', म्हणजे सुख-दुःख आतून जाणवणारे, धरलेत. 'संवेदनशील खेकडे' लिहिलं तर ते कविता करतात असं वाटतं.

कोशकीटक: किंवा तिथे जमावबंदी लागू आहे असं. 'संवेदनक्षम' घ्या.

पानापक्कड: नको. सेन्सरला आपण 'संवेदक' म्हणतो. मग फ्रिजमधला थर्मोस्टॅटही संवेदनक्षमच की!

कोशकीटक: 'सचेतन'?

ओवी: गीतेच्या १३ व्या अध्यायात 'चेतना' इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्या पंगतीत, म्हणजे क्षेत्रात, देहाच्या बाजूला, बसते. जाणणारा क्षेत्रज्ञ निराळा. जपून वापरा.

बिनकाना: 'सजाण' करा की.

ओवी: मुद्रितशोधक त्याचं 'सज्ञान' करेल आणि खेकडा मतदानाला जाईल.

पानापक्कड: आपल्याकडे जोडी तयार आहे. तडफड बाहेरून दिसते, तळमळ आतली. २००९ मध्ये संशोधक एल्वुड आणि अ‍ॅपल यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखातच विजेचे बारीक झटके दिले. नावडत्या शंखातले जास्त बाहेर पडले, आवडत्यातले कमी. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कुठला याने फरक का पडावा?

अनुस्वार: पण कायद्याच्या मजकुरात 'तळमळक्षम' लिहू?

कोशकीटक: आणि यंत्राचं काय? चॅटबॉट 'मला त्रास होतोय' लिहितो, पण तो माणसांच्याच मजकुरावर शिकलाय. त्याची साक्ष धरता येत नाही. खेकड्याने निदान आपले निबंध वाचलेले नाहीत.

बिनकाना: 'मॉरल स्टेटस'ला 'नैतिक दर्जा'ही नको, दर्जा म्हटलं की प्रतवारी आली. जो खिजगणतीतही नाही त्याला गणतीत धरणं, एवढंच ते आहे.

कोशकीटक: 'नैतिक गणती' म्हणजे जनगणना वाटेल.

ओवी: गणतीत धरायचंच तर चिंबोरी जिवंत उकळत्या पाण्यात टाकू नका. आधी बर्फात ठेवा.

पानापक्कड: बर्फात ती गारठते, हलायची थांबते. तडफड थांबली, तळमळीचं कोणी सांगावं? विजेच्या झटक्याने बेशुद्ध करणं बरं. सुरीने मारायची तर मज्जाकेंद्रं दोन असतात: एक पोटाकडच्या झाकणाखाली, दुसरं पुढे डोळ्यांपाशी. एकच भोसकलं तर दुसरं चालूच राहतं.

बिनकाना: त्या झाकणाला कोकणात वेगळा शब्द आहे ना?

ओवी: मालवणात की अलिबागेत?

अनुस्वार: माझा 'सेन्शन्ट' तेवढा राहिला.