खाजनात यंदा कुठलं भात लावू?

प्रश्न: आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत, गोव्यात पेडण्याला. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार कुजून खारं पाणी आत आलं, ज्योती भाताची रोपं शेंड्याकडून करपली. मुलगा म्हणतो, पडीक ठेवूया, तांदूळ दुकानात मिळतो. पण पंजाबातलं भूजल खोल चाललंय, तिथल्याच भातावर किती दिवस विसंबायचं? मला शेत सोडायचं नाही.

उत्तर १: कोरगुट लावा, काकी. उतारा कमी, पण खारं सोसतो आणि पेज झकास. जास्त पीक हवं तर जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्रात ‘गोवा धान’चं बियाणं विचारा.

उत्तर २: आधी मानस! भरतीला दार घट्ट मिटलं पाहिजे. पावसानं मीठ धुऊन निघाल्यावरच पेरा.

उत्तर ३: बांधाला माणसं हवीत तर सांगा, आम्ही चौघं येतो.