लँगोलेन कालव्यावर बोट कुठे बांधावी? मदत हवी आहे

पुण्याहून आई-बाबा आलेत. त्यांना घेऊन वेल्समधल्या ट्रेव्हर गावाहून नॅरोबोटीने (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) इंग्लंडमधल्या एल्समीरपर्यंत जाऊन यायचंय. सुरुवातीलाच पाँटकसिल्टेचा 1805 चा जलसेतू (कालवा दरीवरून नेणारा पूल): 38 मीटर उंच आणि एका बाजूला कठडाच नाही! तिथे आई आतच बसेल.

खरी काळजी मुक्कामाची. आईचे गुडघे दुखतात. काही ठिकाणी काठालगत पाण्याखाली पायरी असते, बोट काठापासून फूटभर लांबच राहते. तिथे तिला उतरवणार कसं? चर्क ते एल्समीरदरम्यान दोर बांधायला कड्या असलेले, बोट नीट टेकेल असे काठ कुठे आहेत? जवळ पबही हवा. बाबा शाकाहारी आहेत, नुसत्या चिप्सवर भागवायला नको. शनिवारी संध्याकाळी जागा मिळायला किती वाजेपर्यंत पोहोचावं? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.