मदत हवी आहे: वीसच्या भावाच्या घोड्यावर किती लावावे?

पुण्याच्या रेसला नियमित जाणारं कुणी आहे का इथे? फेव्हरिट सोडून मी जास्त भावाचे घोडे बघतो. वीसास एक भाव (जिंकल्यास रुपयामागे वीस नफा) म्हणजे जिंकण्याची शक्यता ४.८ टक्के, माझ्या हिशेबाने ती ६ असेल तरच लावतो. त्यासाठी २०,००० रुपये वेगळे काढलेत. केली सूत्राने (शक्यता आणि भावावरून किती लावावं ते सांगणारं गणित) २६० येतात, मी भीतीपोटी पाव धरतो, ६५. (बायको म्हणते, शून्य धरा.) सलग ३० वेळा हरण्याची शक्यताच १५ टक्क्यांवर, ते पचवतो. अडतंय ते जीएसटीपाशी. शंभरामागे सरासरी २६ सुटायला हवेत, पण लावलेल्या पूर्ण रकमेवरचा कर त्याहून जास्त! मग ६ ची अट ८ वर न्यावी का? तुम्ही कर कसा धरता? आणि आपला अंदाज खरा आहे हे साधारण किती रेसनंतर कळतं?