स्टेट बँकेची अप्रेंटिसशिप: वर्षभर काय काम असतं?

प्रश्न: बी.कॉम. झालंय, वय 22. महिना 15,000 मिळतात हे माहितीय. पण शिकायला मिळतं, की नुसते झेरॉक्स काढायचे?

उत्तर: मी केलीय, तालुक्याच्या शाखेत. सुरुवातीला पासबुक छापणं आणि केवायसीचे फॉर्म तपासणं, एवढंच. खरं शिकले नोव्हेंबरात, पेन्शनर हयातीच्या दाखल्याला येतात तेव्हा. एका आजींचा ठसा मशीन घेईचना, शेतात राबून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. ओल्या फडक्यानं बोट पुसलं, दुसरं बोट टेकवून पाहिलं, चौथ्या खेपेला घेतलं. आजींनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. मला ते काम फार आवडलं.

प्रश्न: ताई, मग पुढे नोकरी पक्की का?

उत्तर: नाही रे, हमी नसते. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालचं हे प्रशिक्षण; वर्ष संपलं की करार संपला. क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास पहिल्या दिवसापासून चालू ठेव. मी रोज घरी आल्यावर दोन तास बसायचे.

आणखी एक उत्तर: दहावी-बारावीला मराठी असेल तर मार्कशीट जपून ठेव. स्थानिक भाषेची चाचणी द्यावी लागत नाही.